फेटल एरर, नो सच फाइल: भरतीचं गणित हेडरवर अडलंय

सड्यावरचा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मुक्काम देवगड. १ जूनपासून मासेमारी बंदी लागली, होडी वर ओढून झापांखाली शाकारून ठेवली. ३१ जुलैपर्यंत बाबा घरी, मीही घरी, आणि बाहेर पाऊस. म्हणून एक जुनं काम काढलं.

एक्सटाइड नावाचा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे, भरती-ओहोटीच्या वेळा काढतो. मला त्यात एकच रकाना वाढवायचा आहे: तारखेशेजारी तिथी. कारण आमच्याकडे तारखेने कोणी बोलत नाही. बाबांचं गणित असं की तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. कॉम्प्युटरवरचं कोष्टक दाखवलं तर म्हणतात, "तारीक माका नको सांगा, तिथी सांग."

तर सोर्स (मूळ कोड) उतरवला, बांधायला (कम्पाइल करायला) घेतला आणि पाच मिनिटांत हे:

फेटल एरर: पीएनजी.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी
कम्पायलेशन टर्मिनेटेड

(इथे रोमन अक्षरं चालत नाहीत म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय. टंकताना रोमनमध्येच टंका. मागच्या वेळी एकाने खरोखरच देवनागरीत "सुडो" (मालकाच्या अधिकाराने आज्ञा चालवायचा शब्द) टंकून "चालत नाही" म्हणून कळवलं होतं.)

गंमत म्हणजे लिबपीएनजी (पीएनजी चित्रं हाताळणारी लायब्ररी) माझ्याकडे आहे. डीपीकेजीच्या, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांच्या, यादीत लिबपीएनजी१६-१६ स्पष्ट दिसतंय. मग "नो सच फाइल" कसं?

काय काय करून बसलो तेही कबूल करतो. आधी "सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल पीएनजी.एच" करून पाहिलं. हसू नका. मग इंटरनेटवरून नुसती पीएनजी.एच ही हेडर फाइल उतरवली आणि सोर्सच्या फोल्डरात ठेवली. आता ती पीएनजीलिबकॉन्फ.एच मागते. ती लिबपीएनजीच्या मूळ सोर्समध्ये शोधली, तिथेही त्या नावाची फाइल नाही! लॅपटॉप दहा वर्षांचा, डेबियन लिनक्स, बॅटरी मेलेली, थेट विजेवर चालतो. डेटा दिवसाला दीड जीबी. त्या बेताने सांगा.

घाटावरचा

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल एक्सटाइड. विषय संपला. सगळं बांधत कशाला बसायचं?

सड्यावरचा

दादा, तिथीचा रकाना तयार पॅकेजात कुठून येणार?

घाटावरचा

चुकलो. धागा अर्धाच वाचला होता.

जुना खलाशी

पहिली गोष्ट, ती हाताने उतरवलेली पीएनजी.एच आत्ताच्या आत्ता पूस. राहिली तर पुढे असा त्रास देईल की कारण सापडणार नाही.

पीएनजीलिबकॉन्फ.एच तुला सोर्समध्ये मिळाली नाही, कारण ती तिथे नसतेच. लिबपीएनजी बांधताना ती तयार होते, कुठल्या सोयी चालू आणि कुठल्या बंद ते तिच्यात लिहिलं जातं. म्हणून सुटी हेडर फाइल कुठून तरी उचलून आणण्यात अर्थ नाही. ती तुझ्या यंत्रावरच्या लायब्ररीच्याच आवृत्तीची हवी. नाहीतर फाइल एक सांगणार, लायब्ररी दुसरंच करणार.

आता मूळ प्रश्न. तुझ्याकडे लिबपीएनजी आहे ती चालवण्यापुरती. फोटो बघणारा प्रोग्राम तिच्यावर सुखाने चालतो. पण नवीन प्रोग्राम बांधायचा तर कम्पायलरला माहिती लागते की या लायब्ररीत कुठली फंक्शनं आहेत, त्यांना काय द्यायचं, काय परत येतं. ती माहिती हेडरात. डेबियन आणि उबुंटू हा भाग वेगळ्या पॅकेजात ठेवतात, नावाच्या शेवटी "-डेव्ह". ज्याला नुसतं चालवायचंय त्याच्या डिस्कवर उगाच भार नको, हा त्यामागचा हिशेब. जेवायला बसणाऱ्याला तयार भाजी पुरते, करणाऱ्याला कृती लागते, तसं.

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल लिबपीएनजी-डेव्ह

कोकमसार

खलाशीकाका, बाकी सगळं पटलं, पण कृती म्हणजे .सी फाइल. हेडर म्हणजे खानावळीच्या भिंतीवरचा फळा: आज काय काय आहे आणि काय नावाने मागायचं. भाजी कशी केली ते फळ्यावर नसतं.

जुना खलाशी

मान्य. फळा.

बांगडा फ्राय

माका ह्यातला काय एक कळाक नाय, पण धागो वाचूक मजा येता. ओहोटी कधी ता कळला की आधी सांगा. तिसरे (शिंपले) काढूक जावचा आसा.

सड्यावरचा

चाललं! पीएनजीची तक्रार गेली, एका ओळीत. पण काका, "लिबपीएनजी-डेव्ह" हे नाव मला कुठून सुचणार होतं? एररमध्ये तर पीएनजी.एच एवढंच आहे.

कोकमसार

हे मात्र नीट लिहितो, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी हेच विचारतं.

एररमध्ये फाइलचं नाव असतं, पॅकेजचं नसतं. दोन्ही जुळतील असा नियम नाही. झेडलिब.एच हवी तर पॅकेज झेडलिब१जी-डेव्ह. मधला "जी" कशाला? १९९०च्या दशकात लिनक्स जुन्या लिबसी ५ या सीच्या मूळ लायब्ररीवरून ग्लिबसीवर गेलं तेव्हा वेगळं ओळखू यावं म्हणून लावला, तो आजतागायत तसाच आहे. ओपनएसएसएल/एसएसएल.एच हवी तर पॅकेज लिबएसएसएल-डेव्ह, नावात "ओपन" नाहीच. कर्सेस.एच हवी तर लिबएनकर्सेस-डेव्ह. अंदाजाने टंकत बसलात तर बंदी उठेल.

म्हणून अंदाज सोडा, यंत्रालाच विचारा:

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल अ‍ॅप्ट-फाइल
सुडो अ‍ॅप्ट-फाइल अपडेट
अ‍ॅप्ट-फाइल सर्च /पीएनजी.एच

फाइलच्या नावाआधीची तिरकी रेघ विसरू नका. ती नसेल तर ज्या ज्या नावात कुठेही पीएनजी.एच येतं ते सगळं तुमच्या अंगावर येईल. डीपीकेजी -एस (एस मोठा) याच कामाला वापरतात बरेच जण, पण तो फक्त आधीच बसवलेल्या पॅकेजांत शोधतो आणि आपल्याला तर न बसवलेलं शोधायचंय.

फेडोरावाले (दुसरं लिनक्स) असतील तर डीएनएफ प्रोव्हाइड्स '*/पीएनजी.एच', आणि तिथे शेपूट "-डेव्ह" नसून "-डेव्हेल". आर्चवाल्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. त्यांच्याकडे हेडर मूळ पॅकेजातच येतात. (आणि ते आता इथे येऊन सांगतीलच.)

डेटा कमी असेल तर अ‍ॅप्ट-फाइल अपडेट जपून करा, सगळ्या पॅकेजांतल्या सगळ्या फाइलींची यादी उतरते. एखादीच फाइल शोधायची असेल तर डेबियनच्या पॅकेजांच्या संकेतस्थळावर "पॅकेजातील मजकूर" शोधायची सोय आहे, तिथे नाव टाकलं की काम होतं.

आर्चवाला राजापूरकर

आर्चमध्ये हा प्रश्न येत नाही.

कोकमसार

आले बघा.

वाशिष्ठीकाठची

धाग्यात घुसतेय, पण माझंही हेच दुखणं आहे. चिपळूणला शिकते. पायथनचं एक पॅकेज पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामने) बसवताना "पायथन.एच: नो सच फाइल". पायथन तर आहे! नाहीतर पिप कसा चालला असता?

जुना खलाशी

तेच दुखणं, तेच औषध. पायथन चालवायला आहे, त्याचे हेडर नाहीत. पायथन३-डेव्ह बसव. पण दोन गोष्टी बघ. तू वेगळ्या आवृत्तीचा पायथन वापरत असशील तर त्याच आवृत्तीचं -डेव्ह लागेल, उदाहरणार्थ पायथन३.१२-डेव्ह. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसलीस म्हणून हेडर येत नाहीत, ते खालच्या मूळ पायथनचेच लागतात.

दुसरं, आणि खरं म्हणजे हे आधी करून बघ: पिप स्वतः जुना असेल तर अद्ययावत कर. बऱ्याच पॅकेजांची बांधून तयार व्हील फाइल असते. जुन्या पिपला ती ओळखता येत नाही, म्हणून तो सोर्स उतरवून बांधायला बसतो. व्हील मिळाली तर कम्पायलरचं तोंडही बघावं लागत नाही.

वाशिष्ठीकाठची

पिप अद्ययावत केला आणि झालं. पायथन.एच लागलीच नाही. खूप धन्यवाद काका!

सड्यावरचा

माझं मात्र पुढे अडलं. आता एरर:

फेटल एरर: टीसीडी.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

एक्सटाइडला लिबटीसीडी नावाची लायब्ररी लागते, भरतीची आकडेवारी ज्या फाइलीत असते ती वाचायला. तिचा सोर्स मी कालच उतरवून बांधला होता. सुडोची भीती वाटते म्हणून घरच्याच फोल्डरात बसवली, प्रीफिक्स (कुठे बसवायचं तो पत्ता) देऊन. म्हणजे फाइल आहे! /होम/…/सामान/इन्क्लूड/टीसीडी.एच. डोळ्यांनी बघितली. मग असंही वाचलं की सीफ्लॅग्जमध्ये (कम्पायलरला द्यायच्या सूचनांच्या व्हेरिएबलात) मोठा आय आणि फोल्डरचा पत्ता द्यायचा. तोही दिला:

एक्स्पोर्ट सीफ्लॅग्ज="-आय/होम/…/सामान/इन्क्लूड"

पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक, तरी तीच एरर. मेकच्या ओळीत माझा -आय दिसतसुद्धा नाही. सकाळपासून तीन वेळा लाईट गेली, चौथ्यांदा माझंच डोकं गेलं.

कोकमसार

"मेकच्या ओळीत माझा -आय दिसत नाही" हे बघितलंस ना, तिथेच अर्धं उत्तर आहे. बहुतेक जण ती ओळ वाचतच नाहीत.

कम्पायलर हेडर कुठेही शोधत फिरत नाही. त्याच्या ठरलेल्या वाटा असतात: /यूएसआर/लोकल/इन्क्लूड, /यूएसआर/इन्क्लूड आणि आणखी एक-दोन. तुझ्या यंत्रावर नेमक्या कुठल्या ते बघायचं तर (ई मोठा, व्ही लहान):

जीसीसी -ई -व्ही - < /डेव्ह/नल

"सर्च स्टार्ट्स हिअर" याखाली यादी येते. तुझं "सामान" त्यात नाही, म्हणून -आय लागतो. इथवर तू बरोबर आहेस.

चूक कुठे? एक्सटाइड सी++ मध्ये लिहिलाय. सीफ्लॅग्ज फक्त सीच्या फाइलींना लागू होतो. सी++ साठी सीएक्सएक्सफ्लॅग्ज. आणि हेडरची वाट दोघांनाही दाखवायची तर सीपीपीफ्लॅग्ज. इथे शंभरातले नव्वद जण फसतात: यातला "सीपीपी" म्हणजे सी++ नव्हे, सी प्रीप्रोसेसर. इन्क्लूडच्या ओळी उलगडण्याचं काम त्याचंच, म्हणून -आयची हक्काची जागा सीपीपीफ्लॅग्ज.

एक्स्पोर्ट सीपीपीफ्लॅग्ज="-आय/होम/…/सामान/इन्क्लूड"
एक्स्पोर्ट एलडीफ्लॅग्ज="-एल/होम/…/सामान/लिब"

दुसऱ्या ओळीतला एल मोठा. मोठा एल म्हणजे फोल्डर, लहान एल म्हणजे लायब्ररीचं नाव. मग मेक डिस्टक्लीन (आधीचं सगळं पुसायला), पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक. नुसता मेक पुरणार नाही. कॉन्फिगरने जे आधी लिहून ठेवलंय तेच तो वापरत बसेल.

जुना खलाशी

पुढचेही खड्डे आत्ताच दाखवून ठेवतो, म्हणजे पुन्हा येऊन "तीच एरर" म्हणणार नाहीस. "नो सच फाइल" आणि नाव .एच असेल तर बोलतोय कम्पायलर. "कॅनॉट फाइंड -एलटीसीडी" किंवा "अनडिफाइन्ड रेफरन्स" आलं तर हेडरचं काम संपलं, आता लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारा) बोलतोय. आणि सगळं बांधून झाल्यावर, चालवताना, "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" आलं तर लोडर (चालवताना लायब्ररी आणून देणारा). तिघे वेगळे. पहिल्याच्या रोगावर तिसऱ्याचं औषध दिलंस तर काही होणार नाही. तुझी लायब्ररी घरच्या फोल्डरात आहे, त्यामुळे तिसराही तुला भेटणार. तेव्हा एलडी_लायब्ररी_पाथमध्ये त्या फोल्डरचा पत्ता दे.

आणि एररींची रांग लागली की शेवटची वाचू नकोस, पहिली वाच. खालच्या पन्नास तिच्याच पोटातल्या असतात.

दर्यावर्दी

चर्चा रंगलीय तर माझं जुनं प्रकरण काढतो. २०१२च्या आसपासचा एक प्रोग्राम परत बांधतोय, तो एसवायएस/सिसकंट्रोल.एच मागतो. अ‍ॅप्ट-फाइल, संकेतस्थळ, सगळीकडे शोधलं. लिनक्स/सिसकंट्रोल.एच मिळते, पण ती ही नव्हे. कुठलं पॅकेज?

कोकमसार

कुठलंच नाही. ही फाइल ग्लिबसीने काढून टाकली, २.३२ आवृत्तीत, ऑगस्ट २०२०. ज्या सिस्टिम कॉलसाठी ती होती तो लिनक्सने आधीच मोडीत काढला होता. तू जगभर शोधलंस तरी आजच्या डेबियनमध्ये ती येणार नाही. एक्सलोकेल.एचही तशीच गेली, २०१७ मध्ये, २.२६ आवृत्तीत. आरपीसी/आरपीसी.एच तिथून गेली पण पुरती गेली नाही, लिबटीआयआरपीसी-डेव्ह बसवलं की /यूएसआर/इन्क्लूड/टीआयआरपीसी या आतल्या फोल्डरात मिळते. तिथेही -आय आलाच.

तुझ्यासाठी: आधी त्या फाइलीत "सिसकंट्रोल" हा शब्द इन्क्लूडच्या ओळीशिवाय आणखी कुठे येतो का बघ. बऱ्याच जुन्या प्रोग्रामांत ओळ नुसती सवयीने लिहिलेली असते, वापर शून्य. तसं असेल तर ओळ काढून टाक. खरोखर वापर असेल तर बहुधा प्रोसेसर किती किंवा मेमरी किती एवढंच विचारलेलं असतं, ते सिसकॉन्फ या फंक्शनने मिळतं.

दर्यावर्दी

वापर शून्य! ओळ उडवली, पुढे गेलं. पण आता "युइंट३२_टी डझ नॉट नेम अ टाइप". हे काय नवीन?

कोकमसार

तुझा कम्पायलर जीसीसी १३ किंवा पुढचा असणार. इथे हेडर यंत्रावर आहे, पण लेखकाने मागितलंच नव्हतं. आधी दुसरं एखादं हेडर आतल्या आत सीएसटीडीइंट ओढून आणायचं, म्हणून फुकटात चालायचं. २०२३ मध्ये १३ आली आणि ते फुकटचं बंद झालं. वर एक ओळ घाल: इन्क्लूड सीएसटीडीइंट. झालं. आणि मूळ लेखकांना पॅच पाठव, इथेच नको ठेवूस.

मिठमुंबरीचा माधव

उशिरा आलो, दोन दिवस लाईट नव्हती. सड्यावरच्या, एक्सटाइड डेबियनमध्ये आहे ना? मग त्याला बांधायला जे जे लागतं त्याची यादी डेबियनकडे आधीच आहे. सोर्सेसच्या यादीत डेब-एसआरसीची ओळ चालू कर, अ‍ॅप्ट अपडेट, आणि

सुडो अ‍ॅप्ट बिल्ड-डेप एक्सटाइड

पीएनजी, टीसीडी, एक्स विंडोजचं जे काय लागतं ते, सगळे -डेव्ह एका दमात. मग तुझा बदललेला सोर्स बांध.

सड्यावरचा

माधवदादा, हे चार दिवस आधी सांगायला काय झालं होतं?

मिठमुंबरीचा माधव

लाईट. वर लिहिलंय.

बांगडा फ्राय

ओहोटी अजून कोण सांगाक नाय.

सड्यावरचा

आता खरी गंमत ऐका. सीपीपीफ्लॅग्ज दिले, टीसीडी.एच सापडली. शिवाय बिल्ड-डेपही केलं, म्हणजे डेबियनची लिबटीसीडी-डेव्हसुद्धा आली. दुहेरी बंदोबस्त. आणि तरी:

एरर: 'ओपन_टाइड_डीबी' वॉज नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप

पहिलीच एरर वाचतोय, काका. त्याखाली आणखी चाळीस आहेत. "नो सच फाइल" कुठेच नाही. हेडर मिळतंय पण त्यात फंक्शनच नाही म्हणतो. /यूएसआर/इन्क्लूड/टीसीडी.एच उघडून बघितली, त्यात ओपन_टाइड_डीबी ढळढळीत आहे!

जुना खलाशी

तू बघितलीस ती फाइल आणि कम्पायलरने उघडलेली फाइल एकच आहे हे कशावरून? त्यालाच विचार. मेकची ती लांबलचक ओळ उचल, तिच्यात -एच घाल, मोठा एच, आणि चालव. उघडलेलं प्रत्येक हेडर तो पूर्ण पत्त्यासकट छापतो. टीसीडी.एच कुठून येतेय ते इथे टाक.

सड्यावरचा

. /होम/…/सामान/इन्क्लूड/टीसीडी.एच

म्हणजे माझी घरचीच.

जुना खलाशी

-आयने दाखवलेली वाट नेहमी आधी. त्यामुळे डेबियनच्या टीसीडी.एचपर्यंत तो पोचतच नाही. आता त्या घरच्या फाइलीवर एलएस -एल मार आणि आकडा वाच.

सड्यावरचा

शून्य.

शून्य बाइट! फाइल आहे, नाव आहे, तारीख आहे, आत काही नाही.

आणि आठवलं. लिबटीसीडीचं मेक इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली होती. लॅपटॉप धाडकन बंद. परत आल्यावर फोल्डरात फाइल दिसली, म्हटलं झालं असणार. "डोळ्यांनी बघितली" असं मीच वर लिहिलंय.

कोकमसार

फाइलचं नाव डिस्कवर लिहिलं जातं आणि आतला मजकूर थोडा वेळ मेमरीत थांबतो. मधेच वीज गेली की नाव राहतं, मजकूर जातो. रिकाम्या हेडरबद्दल कम्पायलर एक अक्षर बोलत नाही. त्याच्या लेखी रिकामी फाइल ही अगदी रीतसर फाइल. या धाग्याचं नाव बदलायला हवं आता, तुझं हेडर हरवलेलं नव्हतंच.

तो सामान फोल्डर पूर्ण उडव. सीपीपीफ्लॅग्ज, एलडीफ्लॅग्ज दोन्ही अनसेट कर, नवीन टर्मिनल उघडलंस तरी चालेल. डिस्टक्लीन, कॉन्फिगर, मेक. आणि बॅटरी नसलेल्या यंत्रावर मेक इन्स्टॉलनंतर एकदा "सिंक" टंकत जा, मेमरीत थांबलेलं डिस्कवर लिहिलं जातं.

सड्यावरचा

बांधलं गेलं! एकही एरर नाही. चालवल्यावर आकडेवारीची फाइल नाही म्हणून कुरकुरलं, ती वेगळी आणावी लागते आणि एचफाइल_पाथ नावाच्या व्हेरिएबलात तिचा पत्ता द्यावा लागतो. दिला. आता "नॉट फॉर नेव्हिगेशन" असा इशारा छापून वेळा दाखवतोय.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पौर्णिमेचा आकडा विचारला, बोटांवर पाऊणपट केली (पंधराची सव्वाअकरा) आणि म्हणाले, "भांगाचा काय दाखवता ता बघ." (भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी पाण्याची भरती.) उधाणाचा अंदाज सगळ्यांचाच बरोबर येतो, भांगाला चुकतो, असं त्यांचं मत. त्यावर मी अजून बोललेलो नाही.

जुना खलाशी

बाबांचं बरोबर आहे. पाऊणपटीत तिथीमागे पंचेचाळीस मिनिटं धरलेली असतात, सरळ हिशेबाने. प्रत्यक्षात चंद्राची मुख्य भरती दर १२ तास २५ मिनिटांनी आणि सूर्याची दर १२ तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला दोघी एकत्र ओढतात, अष्टमीच्या आसपास एकमेकींच्या विरुद्ध. तिथे वेळ मागेपुढे सरकते आणि सरळ हिशेब कमी पडतो. एक्सटाइड त्या दोघींसारख्या अनेक लाटा बेरजेत घेतो. पण आकडेवारी कुठल्या बंदराची आहे ते बघून घे, आणि होडी लोटण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरतीच्या कोष्टकाशी ताडून बघ. इशारा उगाच छापलेला नाही.

सड्यावरचा

ताडतोय. होडी नारळीपौर्णिमेच्या उधाणालाच लोटायची आहे, तोवर वेळ आहे.

@बांगडा फ्राय, कोष्टकाप्रमाणे उद्या सकाळी पाणी चांगलं उतरेल, पण पाऊस बघून जा. खाडीचा भरवसा नाही.

आणि तिथीचा रकाना घ्यायला बसलो. चंद्र-सूर्याचे अंश काढायला स्विस एफेमेरिस नावाची लायब्ररी घेतली, तिचं इन्क्लूड लिहिलं, मेक केलं:

फेटल एरर: स्वेफएक्स्प.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

थांबा, कोणी काही लिहू नका. लिबएसडब्ल्यूई-डेव्ह. बसवलं. सिंक पण केलं.

बांगडा फ्राय

दोन शेर तिसरे गावले. धागो चालू ठेवा.